वाळूतले खिळे

वर्तमानपत्र उलटं धरून बसलेला माणूस तुम्हीही कुठंतरी पाहिला असेल. बहुतेक वेळा त्याला वाचता येत नसतं, पण चारचौघांत आब राखायचा असतो. आमच्या जुळारीबुवांची गोष्ट वेगळी होती. प्रवरेकाठच्या बेलापुरात स्टँडजवळच्या टपरीवर बसून ते पेपर उलटा धरत आणि पहिल्या पानापासून शेवटच्या निविदा सूचनेपर्यंत तसाच वाचून काढत. एखादा नवखा माणूस वाकून हळूच सांगे, "बाबा, पेपर उलटा हाय." त्यावर ते त्याला बोटानं जागा दाखवत. "व्हय. म्हनून तर ही चूक दिसली. ह्या मंत्र्याचं आडनाव बघा, दोन ठिकानी दोन छापलंय." नवखा पेपर सुलटा करून बघे. चूक असायचीच.

ते एका छापखान्यात कंपोझिटर होते. म्हणजे शिशाची सुटी अक्षरं एकेक करून उचलायची आणि ओळीत जुळवायची. या अक्षरांना छापखान्यात खिळे म्हणतात आणि जुळवणाऱ्याला जुळारी. खिळ्यावर अक्षर आरशातल्यासारखं असतं आणि जुळवताना ओळ डोक्यावर उभी असते, त्यामुळं जुळाऱ्याला आयुष्यभर सगळं उलटंच दिसतं. "सुलटं वाचताना मानूस आपल्या मनातलं वाचतो," ते म्हणायचे. "उलटं धरलं म्हंजी कागदावर हाय तेवढंच दिसतं. एकदा उलटं बघा, गुरुजी."

त्यांचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. हजारो लोकांची नावं त्यांनी लग्नपत्रिकांत, पावतीपुस्तकांत आणि निवडणुकीच्या पत्रकांत जुळवली, पण स्वतःचं एकदाही छापून घेतलं नाही. "छापलेलं नाव पुसता येत न्हाई," असं कारण ते सांगत.

मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. सहामाही, वार्षिकचे पेपर छापायला त्यांच्याकडं नेणं माझ्याकडं असे. त्यांचं आणि माझं भांडण तिथूनच सुरू झालं. एकदा मी लिहिलं होतं, 'खालीलपैकी कोणत्याही पाच प्रश्नांची उत्तरे लिहा', आणि खाली प्रश्न दिले होते चार. शिपायाच्या हाती चिठ्ठी आली, "गुरुजी, पाचवा प्रश्न पोरांनी घरून आणायचा का?" चिठ्ठी मुख्याध्यापकांच्या टेबलावरून माझ्याकडं आली, हे सांगायला नको. पुढं मी पेपर द्यायला स्वतः जाऊ लागलो, आणि त्यांनी तो उलटा धरला की मी बोटांवर प्रश्न मोजू लागायचो. गावातल्या सगळ्या शिकलेल्या माणसांना त्यांची अशी धास्ती होती. आणि शिकलेल्यांना ज्याची धास्ती वाटते, त्याचं चारित्र्य धुतल्या तांदळासारखं आहे असं गाव आपोआप धरून चालतं. आम्हीही धरलं.

छापखान्यात खिळ्यांचे ढीगभर प्रकार होते, पण एक प्रकार फक्त तिथंच होता. मालकांच्या आजोबांनी गावातल्याच एका सोनाराला हाताशी धरून तो पोलादावर कोरून, त्याचे साचे करून शिशात ओतून घेतला होता. सोनारानं नथी-तोडे घडवायचे सोडून दोन वर्षं नुसता क-ख-ग कोरला, असं सांगत. त्या अक्षराला सगळे सोनारी म्हणत. जाड, ठसठशीत, आणि वळणं मात्र दागिन्याची. त्यातल्या 'ळ'चे दोन डोळे भरलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखे होते. आसपासच्या दहा-वीस गावांतल्या लग्नपत्रिकांवरचा 'श्री' त्याच अक्षरातला. माझ्या स्वतःच्या पत्रिकेवरचाही. संसार कसा झाला हा भाग वेगळा, पत्रिका देखणी होती.

सोनारी खिळ्यांना जुळारीबुवांशिवाय कुणी हात लावायचा नाही. खंडेनवमीला शेतकरी औजारं पुजतात, ड्रायव्हर ट्रकला हार घालतो, तसे हे सोनारीचे, घरं पाडलेले चार लाकडी खण मांडून बसत. एकेका घरात हळदकुंकवाचं बोट, मधे झेंडूचं फूल. त्या दिवशी कलेक्टरचं काम आलं तरी खिळा उचलायचा नाही. मशीनवर काम करणारा रंगनाथ त्यांच्या मागं बसून घंटा वाजवी. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन तो चालवायचा. अंगानं आडदांड, तोंडानं फटकळ, आणि तिथं दुसरा माणूसच नव्हता, म्हणून जुळारीबुवांचा मित्र.

मग नवी ऑफसेट मशीनं आली. मालकांनी ठरवलं की दसऱ्यानंतर सगळे खिळे भंगारवाल्याला देऊन टाकायचे. शिशाला भाव बरा होता. इतर खिळ्यांचं कुणाला काही वाटलं नाही. आणि भंगारवाला यायच्या आदल्या दिवशी, आठवडी बाजाराच्या दुपारी, सोनारीचे चारही खण रिकामे झाले. बाकी सगळं जागच्या जागी.

छापखान्याच्या किल्ल्या दोघांकडं असत, एक जुळारीबुवांकडं आणि एक रंगनाथकडं. आता तुम्हीच सांगा, गाव कुणाकडं बघेल? एकाच्या शुद्धलेखनाला मुख्याध्यापक घाबरतात आणि दुसरा चार दिवसांपूर्वीच मालकांना तोंडावर म्हणाला होता, "शिसं इकताय तर आमाला बी वाटा द्या." मालकांनी रंगनाथच्या मुस्काटात मारली. मग मला बोलावलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून पोलिसांत द्यायचा तक्रारअर्ज मी लिहिला. 'सदर इसमाने विश्वासघात करून' वगैरे शब्द मीच सुचवले. मला ते फार शोभिवंत वाटले होते.

अर्ज लिहून झाल्यावर मालक म्हणाले, "जुळारी, एकदा नजर टाका." जुळारीबुवांनी तो उलटा धरला. वाचायला बराच वेळ घेतला. मग खिशातून पेन काढून त्यांनी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या, एके ठिकाणी स्वल्पविराम दिला आणि कागद मालकांना परत केला.

अर्ज पुढं गेलाच नाही. मालक उदार. त्यांनी रंगनाथला सांगितलं, गाव सोड, अर्ज फाडतो. रंगनाथ बायकोला आणि दोन मुलींना घेऊन घोडेगावला तिच्या माहेरी गेला. अर्ज फाडला, पण खिळेचोर हे नाव त्याच्या मागोमाग एसटीत बसून गेलं. नंतर ऐकलं की तिथल्या जनावरांच्या बाजारात तो दावी आणि म्होरक्या, म्हणजे जनावरं बांधायचे दोर, विकतो. गावानं एकदा हळहळ व्यक्त केली आणि मग विसरून गेलं. मीही विसरलो. खोटं कशाला बोलू, मी त्या अर्जातली भाषा विसरलो नव्हतो, माणूस विसरलो होतो.

मधे वर्षं गेली. मी निवृत्त झालो आणि नगरला सावेडीत एक लहानसा बंगला बांधायला काढला. प्लॉटवर प्रवरेची वाळू येऊन पडली. आता तिच्या पावत्या कशा होत्या हे मला विचारू नका. बांधकाम करणाऱ्या माणसानं वाळूचं नुसतं कौतुक करायचं असतं. गिलाव्यासाठी मजूर बाई ती चाळत होती. चाळणीवर गोटे, शिंपले, बाटल्यांची झाकणं राहत होती. ती मला हाक मारून म्हणाली, "सायेब, ही बघा. बंदुकीची गोळी हाय का काय?"

बोटाच्या पेराएवढा शिशाचा चौकोनी तुकडा होता. मी तो पुसला आणि तळहातावर दाबला. तळहातावर 'ळ' उमटला. दोन्ही डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे.

मला इतका आनंद झाला की मी गिलावा तसाच टाकून दुसऱ्या दिवशी बेलापूर गाठलं. जुळारीबुवा टपरीवर पेपर उलटा धरून बसले होते. छापखाना केव्हाच बंद पडला होता, तिथं मोबाईलचं दुकान झालं होतं. मी त्यांच्या पेपरवर, अगदी बातमीच्या मध्यावर, तो खिळा ठेवला. वाटलं, म्हातारा नाचेल. त्यांनी खिळ्याला हातसुद्धा लावला नाही.

"कुठं घावला?"

"माझ्या भिंतीत जाणार होता. वाळूत आला, प्रवरेच्या. म्हणजे बघा, त्या रंगनाथनं विकले नव्हतेच, भिऊन नदीत टाकले."

त्यांनी पेपर सुलटा केला. पेपर सुलटा धरलेले जुळारीबुवा मी पहिल्यांदाच पाहत होतो. "गुरुजी," ते म्हणाले, "उद्या तुमच्या वाळूपाशी येतो." आणि उठून गेले. चहा तसाच.

दुसऱ्या दिवशी आले ते थेट वाळूच्या ढिगावर बसले. बायकोनं खुर्ची पाठवली, तिच्याकडं बघितलंही नाही. मूठभर वाळू बोटांतून सोडत त्यांनी मला सांगितलं. खिळे त्यांनीच नेले होते. बाजाराच्या दुपारी, सायकलवर, खताच्या गोण्यांत घालून, दोन खेपांत. वाटेत तिघांनी विचारलं, काय नेताय. ते म्हणाले, खत.

"मूर्ती भंगली तर मोडीत घालतो का आपन? वाहत्या पान्यात सोडतो. मंग ह्या अक्षरांची मी इतकी वर्षं पूजा केली, ती भंगारवाल्यानं भट्टीत घालून बॅटरीच्या पट्ट्या कराव्या? डोहावर गेलो. हळदकुंकू वाहिलं. मूठ मूठ सोडली. 'श्री' शेवटी सोडला."

"आणि रंगनाथ?"

"संध्याकाळी मालकाला सांगनार हुतो. गेलो, तर तवर त्येला मारून झालं हुतं. मंग वाटलं, सकाळी सांगू. सकाळी तुमी अर्ज लिवीत बसला हुता."

मी मूर्खासारखं विचारलं, "मग त्या अर्जात वेलांट्या कशाला दुरुस्त केल्यात?"

"हातात कागद आला की मला दुसरं काय येतं?" ते म्हणाले. मग वाळूची पुढची मूठ भरत, "पुढं रोज सांगायला निघायचो, गुरुजी. वाटंत छापखाना लागायचा. आत जाऊन बसायचो."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. अर्ज माझ्या अक्षरात होता म्हणून तर जास्तच आला. पण ते तसेच वाळूत बसले होते. मी बायकोला चहा टाकायला सांगितला. दुसरं काय करणार?

त्या दिवसापासून जुळारीबुवांनी नदी चाळायला घेतली. हे वाक्य मी अलंकारिक लिहीत नाही. प्रवरेच्या पात्रातली वाळू आता पात्रात कुठं राहिलीय? ती राहते श्रीरामपूरच्या स्लॅबमध्ये आणि सावेडीच्या गिलाव्यात. म्हणून ते एसटीनं यायचे आणि बांधकामं हिंडायचे. हातात स्वतःची चाळण, पिशवीत भाकरी. गवंडी त्यांना चाळणीबाबा म्हणू लागले. काहींना वाटलं म्हाताऱ्याचं सोनं हरवलंय, म्हणून तेही जोमानं चाळू लागले आणि शिशाचा तुकडा निघाला की शिव्या देत त्यांच्याकडं फेकू लागले. एका बिल्डरनं हाकलून दिलं, कारण वाळूची वाट बघताना यांनी त्याच्या फलकावरच्या चार चुका गिऱ्हाइकासमोर दाखवल्या.

उन्हाळ्यात डोह आटला की ते पात्रातच उतरायचे. वाळू उपसणारे टेम्पोवाले त्यांना महसूलचा खबऱ्या समजून लांब पळायचे. आणि एक दिवस महसूलचीच जीप आली. टेम्पो सगळे निसटले होते. पात्रात सापडला हा एकच इसम, मुद्देमाल अर्धं घमेलं वाळू आणि एक चाळण. पंचनामा झाला. सही करायच्या आधी जुळारीबुवांनी तो उलटा धरला आणि म्हणाले, "साहेब, 'अवैध' असं लिवतात. आन् खाली तारीख कालची पडलीय." साहेबांनी बघितलं. मग साहेबांना हसू आलं, त्यांनी कागद फाडला आणि जाताना बजावलं, "बाबा, परत दिसू नका." चाळण मात्र जप्त केली. सरकारला काहीतरी न्यावंच लागतं.

ही गोष्ट त्यांनी मला हसत सांगितली. मी हसलो नाही. स्वतःवरचा कागद फाडला जाईपर्यंत दुरुस्त करणारा हा माणूस एका वेळी दुसऱ्यावरचा कागद दुरुस्त करून गप्प बसला होता.

दोन उन्हाळ्यांत ओंजळभर खिळे जमले. बरेच झिजलेले, काही दगडानं ठेचलेले. पुण्याहून जुन्या अक्षरांचा अभ्यास करणारी एक बाई येऊन त्यांचे फोटो काढून गेली. म्हणाली, हे अक्षर दुसरीकडं कुठंच नाही, हा ठेवा आहे, बाकीचा कुठंय? जुळारीबुवा म्हणाले, "ठिवलाय. नीट ठिवलाय." बाईनं ते वहीत लिहून घेतलं.

त्यांचा बेत मला हळूहळू कळला. पुरेसे खिळे जमले की त्यांतच एक पत्रक जुळवायचं होतं. रंगनाथनं चोरी केली नाही, खिळे मी नदीत सोडले, खाली स्वतःचं नाव. आयुष्यात पहिल्यांदा. ते छापून बेलापुरात घरोघर वाटायचं आणि एक प्रत रंगनाथला द्यायची. पण नदी काही जुळाऱ्याच्या सोयीनं अक्षरं देत नसते. लागायचा 'र', निघायचा 'ज्ञ'. ते म्हणत, अजून एक उन्हाळा. रंगनाथ पासष्टीच्या पुढं, हे पंचाहत्तरीचे, आणि म्हणे अजून एक उन्हाळा.

शेवटी माझा तोल सुटला. "जुळारीबुवा, नदी चाळण्यापेक्षा घोडेगाव जवळ आहे. एक वाक्य बोलायचंय. तोंडानं बोला ना."

"तोंडानं बोललेल्याला प्रूफ नसतं, गुरुजी."

"नसू दे. एकदा उलटं बघा. तुम्ही रंगनाथ आहात आणि तो तिकडं वाळू चाळत बसलाय. चालेल?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी सातला माझ्या दारात उभे होते. धुतलेला सदरा, रुमालात बांधलेले खिळे.

घोडेगावचा बाजार तुम्ही पाहिलाय का? म्हशींचं रेकणं, धुरळा, टेम्पोचे हॉर्न, आणि मधेच दोन दलाल उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून शांतपणे सौदा करत असतात. आम्ही विचारलं, "रंगनाथ दोरवाले कुठं बसतात?" चौघांना विचारलं, चौघांनी मान हलवली. पाचवा म्हणाला, "रंगनाथ? आरं, खिळेचोराचं दुकान इचारताय व्हय? त्या लिंबाखाली."

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. एखाद्या गल्लीचं नाव सांगावं तसं त्यानं सांगितलं. जुळारीबुवा माझ्याकडं बघत म्हणाले, "चला परत." मी त्यांचा दंड धरला.

लिंबाखाली दावी, कासरे, घुंगरमाळा मांडून रंगनाथ बसला होता. आडदांड देह ओसरलेला, मिशा पांढऱ्या. त्यानं लगेच ओळखलं. "या जुळारी. लई वाळलात." मला म्हणाला, "तुमी बी आलात का गुरुजी? अर्ज तुमीच लिवला हुता न्हवं? अक्षर चांगलं हुतं तुमचं."

तीस-पस्तीस वर्षं मी लोकांकडून अक्षरावरून शाबासकी मिळवलेला माणूस. त्या दिवशी मला खाली बघावं लागलं.

जुळारीबुवांनी रुमाल सोडून खिळे त्याच्या दाव्यांवर ओतले. रंगनाथनं एक उचलला, अंगठ्यानं चाचपला. मशीनवाल्याला अक्षर वाचता आलं नाही तरी बोटाला कळतं. "सोनारी," तो म्हणाला. "कुठं हुतं?"

"नदीत. मीच सोडलं हुतं, रंगा. त्याच दिवशी."

रंगनाथ बराच वेळ तो खिळा बोटांत फिरवत राहिला. ओरडला नाही. मला वाटतं, ओरडला असता तर जुळारीबुवांना बरं वाटलं असतं.

"पत्रक छापनार हाय मी," ते घाईनं म्हणाले. "सगळं लिवून. माझ्या नावानिशी."

"छापा की." रंगनाथ म्हणाला. "माझ्या थोरलीचं लगीन तीनदा मोडलं, तवा छापलं असतं तर त्या लोकांना दावलं असतं. बायको वारली गेल्या साली. तिनं मला कधी बोलून न्हाई दावलं. पन मरायच्या आधी म्हनाली, केलं असंल तर देवाला सांगून टाका. म्हंजी इतकी वर्षं ती चोराच्या घरी नांदली, जुळारी. तिला कुठं वाचाय देऊ तुमचं पत्रक?"

आजूबाजूला म्हशी रेकत होत्या.

मग रंगनाथ म्हणाला, "कागद नगं. हितं सांगा. मोठ्यानं. हितली समदी मला त्या नावानं वळखत्यात."

जुळारीबुवा उभे राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांचा मजकूर जुळवलेला माणूस. ते बोलायला लागले. "मंडळी, ह्यानं... रंगनाथनं खिळं चोरलं न्हाईत. मी नेलं. मी नदीत सोडलं. आन् ह्याच्यावर आळ आला तवा मी गप बसलो." वाक्य तुटत होतं, मधेच मागं जात होतं. इतकं चुकांचं बोलणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

कुणी वळूनही पाहिलं नाही. पलीकडं एका म्हशीचा सौदा भरात आला होता. फक्त एक शेतकरी मधे घुसून म्हणाला, "बाबा, ही म्होरकी केवढ्याला?"

"थांब जरा," रंगनाथ त्याला म्हणाला. "आधी त्यांचं हुं दे."

आणि जुळारीबुवांनी ते सगळं पुन्हा एकदा, त्या एका शेतकऱ्याला सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्होरकी घेऊन गेला. रंगनाथनं आम्हाला चहा विचारला नाही. खिळे रुमालात बांधून परत दिले. निघताना एवढंच म्हणाला, "म्होरल्या बाजारी बी या. गिऱ्हाईक रोज नवं असतंय."

तो टोमणा होता की बोलावणं, यावर एसटीत आम्ही वाद घातला. जुळारीबुवांनी बोलावणं धरलं. पुढं दर बाजाराला ते बेलापुराहून दोन एसट्या बदलून घोडेगावला जाऊ लागले. लिंबाखाली बसायचे, दाव्यांच्या गाठी मारायला शिकले, आणि जो कुणी 'खिळेचोराचं दुकान' म्हणत येई त्याला बसवून सगळी हकिगत सांगायचे. महिन्याभरात त्यांचं बोलणं सुधारलं. वर्षभरात तर पाठ झालं. परिणाम काय झाला? बाजारात लोक त्या जागेला 'दोन खिळेचोरांचं दुकान' म्हणू लागले. मी हे रंगनाथला जरा भीत भीतच सांगितलं. तो पहिल्यांदा हसला. "अर्धं तर अर्धं," म्हणाला, "वजा तर झालं."

पत्रक कधी छापलं गेलं नाही. वाळू चाळणंही थांबलं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आता येळ कुठं मिळतो, गुरुजी?" पेपर मात्र शेवटपर्यंत उलटाच धरला.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. दोन दिवसांचा ताप, आणि बाजाराचा दिवस चुकला म्हणून तळमळ. दशक्रियेला बेलापूरच्या घाटावर आम्ही जमलो. रंगनाथ आला होता. गाव सोडल्यानंतर तो पहिल्यांदाच तिथं पाय ठेवत होता. घाटावर कुजबूज झाली. म्हाताऱ्या माणसांनी त्याला ओळखलं आणि नजर दुसरीकडं वळवली. खरं म्हणजे घोडेगावच्या बाजाराला जाणाऱ्यांकडून त्यांना आता सगळं कळलं होतं. पण पस्तीस वर्षांची सवय घाटाच्या दहा पायऱ्यांत मोडत नाही.

विधी झाले. जुळारीबुवांच्या मुलीनं रुमालात बांधलेले खिळे आणले होते. म्हणाली, "बाबांचा ह्यातच जीव होता. त्यांच्या मागं नदीत सोडूया." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. तिनं पाण्यात हात पुढं केला, तेव्हा मागून रंगनाथ पायऱ्या उतरून खाली आला आणि त्यानं तिचं मनगट धरलं.

"न्हाई, पोरी. एकदा सोडलं तेवढं बास झालं."

त्यानं रुमाल तिच्या हातातून घेतला, गाठ घट्ट केली आणि सदऱ्याच्या खिशात घातला. मग वळून, इतकी वर्षं त्याच्याकडं न बघणाऱ्या त्या सगळ्यांकडं त्यानं नीट बघितलं.

"पस्तीस वर्षं चोराचं नाव माझं हाय," तो म्हणाला. "आता माल बी माझ्याकडंच राहू द्या."

पायऱ्या चढताना शिशाच्या वजनानं खिसा खाली ओढला जात होता. त्यावर हात धरून तो स्टँडकडं गेला. कुणीही त्याला अडवलं नाही.